गल्लीतलं झाड जगवायचं कसं: पाण्याच्या हिशेबापासून जाळी काढेपर्यंत

जून-जुलैत झाडं लावायला माणसं कमी पडत नाहीत. फोटो निघतात, चहा होतो, जाळीवर पाटी लागते. मग मार्चमध्ये त्याच रस्त्यावरून एक चक्कर मारा. निम्म्या जाळ्यांत वाळलेली काडी उभी असते, एखाद्या जाळीत गुटख्याच्या पुड्या आणि चहाचे कप. रस्त्याकडेचं झाड लावताना मरत नाही, नंतरच्या दोन उन्हाळ्यांत मरतं. म्हणून या लेखात खड्डा बराच उशिरा येतो. आधी पाणी कोण घालणार ते ठरवायचं, मग जागा, मग झाडाची जात.

सोसायटी, गल्ली, गणेश मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, शाळेचे पालक, गट कुठलाही चालेल. पहिल्या वर्षी पंधरा-वीस झाडांच्या वर जाऊ नका. कुणी कंपनी 'आम्ही शंभर रोपं देतो' म्हणाली तरी जाऊ नका. रोप हा या सगळ्या खर्चातला किरकोळ भाग आहे.

पाण्याचा हिशेब

कागदावर मांडून बघा. नवीन लावलेल्या, सहा-सात फूट उंचीच्या झाडाला उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा साधारण १५ लिटर पाणी लागतं. वीस झाडं म्हणजे आठवड्याला ६०० लिटर. फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून मृगाच्या पावसापर्यंत सतरा-अठरा आठवडे धरले, तर दहा हजार लिटरच्या आसपास, म्हणजे एक मोठा टँकर. आकडा फार नाही. पण तो टँकर एकदम नको असतो, बादली-बादलीने चार महिने हवा असतो, आणि नेमक्या त्याच चार महिन्यांत परीक्षा, लग्नं आणि गावी जाणं असतं.

म्हणून पाणी कुठून येणार हे झाडागणिक लिहून काढा. समोरच्या सोसायटीचा बागेचा नळ? तिथून पाइप पोचतो का? बोअरचं पाणी असेल तर भांड्यांवर, बादलीवर पांढरे थर बसतात का बघा. फार क्षारयुक्त पाणी कोवळ्या झाडाला वर्षभर देत राहिलं की पानांच्या कडा करपतात. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी उत्तम. साबणाचं, फिनेलचं पाणी नको. दुकानासमोर सकाळी सडा मारायला जे पाणी वापरतात, त्यातली एक बादली झाडाला गेली तरी त्या झाडाचा प्रश्न सुटतो.

आता माणसं. व्हॉट्सअॅप गटावर 'मी येईन' लिहिणारे येतीलच असं नाही, पण रस्त्यावर रोज बसणारी माणसं रोज तिथेच असतात. इस्त्रीवाले दादा, चहाची टपरी, रात्रपाळीचा वॉचमन, भाजीच्या मावशी. त्यांना आधी विचारा, खड्डा खणून झाल्यावर नव्हे.

"मावशी, इथे करंज लावायचा विचार आहे. तुमच्या गाडीवर सावली येईल. दोन दिवसाआड बादलीभर पाणी घालाल का? पाणी समोरच्या सोसायटीतून मिळेल, मी बोललोय."

"घालीन की. पण तिकडं नको लावू, तिकडं टेम्पो लागतो भाजीचा. जरा अलीकडं घे."

हे दुसरं वाक्य फार कामाचं असतं. टेम्पो कुठे लागतो, पावसाचं पाणी कुठे तुंबतं, रात्री गाड्या कुठे मागे घेतात, हे नकाशावर दिसत नाही. ज्यांच्या दारात झाड येणार त्या दुकानदाराशीही बोला. त्याला सावली हवी असते, पण पाटी झाकलेली नको असते. फांद्या आठ-दहा फुटांच्या वर फुटतील असं सरळ वाढणारं झाड लावू आणि दुकानाच्या मध्यावर न लावता दोन दुकानांच्या सीमेवर लावू, एवढं सांगितलं की बहुतेक जण तयार होतात. जो ठाम नाही म्हणेल त्याच्या दारात लावूच नका. तिथलं झाड 'आपोआप' वाळतं.

ज्या झाडाला पाण्याची जागा आणि माणसाचं नाव मिळालं नाही, ते यादीतून काढा. यादी वीसवरून अकरावर आली तर अकरा लावा.

जागा

वर बघा, खाली बघा, मग पुढेमागे बघा.

वर विजेच्या तारा आहेत का? असतील तर तिथे कधीच मोठं होणारं झाड लावू नका. नाहीतर दरवर्षी पावसाळ्याआधी महावितरणची गाडी येणार आणि झाड एका बाजूने तासून जाणार. त्यांची चूक नाही, जागा निवडणाऱ्याची आहे. तारांखाली पंधरा-वीस फुटांत थांबणारं काहीतरी, नाहीतर रस्त्याची दुसरी बाजू.

खाली पाण्याची लाइन, ड्रेनेज, गॅसची पाइप, विजेची केबल, फायबर असं सगळं असतं. फूटपाथवर किंवा कडेला खुणेचे दगड, पिवळ्या पाट्या, चेंबरची झाकणं दिसतात. दोन झाकणं जोडणाऱ्या सरळ रेषेत खणू नका. शेजारच्या इमारतीच्या जुन्या वॉचमनला किंवा प्लंबरला विचारलं तर लाइन कुठून गेलीय ते तो पायाने दाखवतो.

पुढेमागे म्हणजे चालणारी माणसं. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेप्रमाणे फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. व्हीलचेअर आणि बाबागाडी तिथूनच जायची असते. चार-पाच फुटांच्या फूटपाथवर मधोमध खड्डा घेऊन ज्येष्ठ नागरिकांना रस्त्यावर उतरवायचं, याला वृक्षप्रेम म्हणता येत नाही. अशा ठिकाणी सोसायट्यांच्या कुंपणाच्या आत, भिंतीला लागून, फांद्या रस्त्यावर येतील अशी झाडं लावून घेणं जास्त शहाणपणाचं. त्याला परवानगीची दगदग कमी आणि पाणी घरचं.

बाकी ढोबळ अंतरं अशी ठेवा: चौकाच्या कोपऱ्यापासून वीस-पंचवीस फूट (वळणावर दिसलं पाहिजे), दिव्याच्या खांबापासून पंधरा फूट, चेंबरपासून पाच-सहा फूट, दोन मोठ्या झाडांत पंचवीस-तीस फूट. दहा-दहा फुटांवर लावलेल्या रांगा पहिली पाच वर्षं छान दिसतात, मग झाडं उजेडासाठी रस्त्याकडे झुकायला लागतात. आणि मियावाकी पद्धतीचं दाट रोपण इथे नकोच. ते मोकळ्या भूखंडाचं तंत्र आहे, फूटपाथचं नाही.

परवानगी

रस्त्याकडेची जागा महापालिकेची असते. क्षेत्रीय किंवा विभाग कार्यालयातल्या उद्यान खात्याकडे लेखी अर्ज द्या. लहान शहरात नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावे. अर्जासोबत प्रत्येक जागेचा फोटो, झाडाची जात आणि पाणी घालणाऱ्याचं नाव जोडा. हे शेवटचं जोडलेलं असलं की समोरचा अधिकारी अर्ज वेगळ्या नजरेने वाचतो, कारण त्याच्याकडे रोप मागणारे रोज येतात. मागायच्या गोष्टी: जागेची आखणी, फरशी काढून मिळणं, रोपं, जाळ्या, उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा टँकर. सगळं मिळेल असं नाही, निम्मं मिळालं तरी बरंच.

त्याच दिवशी दुसरा अर्ज पथ किंवा रस्ते विभागाला. प्रश्न एकच: पुढच्या दोन वर्षांत या रस्त्याचं काँक्रिटीकरण, रुंदीकरण किंवा पाइपलाइनचं काम आहे का? असेल तर काम होईपर्यंत थांबा आणि कामाच्या आराखड्यातच झाडांसाठी मोकळे चौकोन ठेवून घ्या. नंतर काँक्रीट फोडण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. उत्तर तोंडी मिळालं तर भागत नाही, माहितीच्या अधिकारात विचारा. दोन्ही अर्जांच्या पोच घेतलेल्या प्रती एका फाइलमध्ये ठेवा. वॉर्डातला अधिकारी बदलला की ती फाइलच तुमची बाजू मांडते.

एक लक्षात असू द्या. महाराष्ट्रातल्या शहरी झाडांना १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. झाड तुम्ही लावलेलं असलं तरी ते तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि फांद्याही मनाने छाटता येत नाहीत. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला 'हेरिटेज वृक्ष' हा दर्जा आला. तुमच्या गल्लीत असं झाड असेल तर त्याची नोंद झाली आहे का, हेही त्या फेरीत विचारून घ्या.

कोणतं झाड

इथे सगळ्यांची मतं असतात आणि बैठक लांबते. मी कुणाच्या आवडीपासून सुरुवात करत नाही, जागेपासून करतो.

रुंद रस्ता, वर तारा नाहीत, उन्हाळा कडक: कडुनिंब, करंज, शिरीष, वावळ. नागपूर, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात कडुनिंबाला पर्याय शोधायची गरज नाही. करंज जरा दुर्लक्ष झालं तरी तगतो, लवकर सावली धरतो, आणि ऐन उन्हाळ्यात नवी पालवी घेऊन उभा असतो. त्याच्या पानांवर पांढरट डाग, गाठी दिसतात, त्यांना घाबरून फवारणी करू नका.

मध्यम जागा: ताम्हण, बकुळ, पुत्रंजीवा, बहावा. ताम्हण हे आपलं राज्यपुष्प. एप्रिल-मेमध्ये जांभळा होतो, पण सुरुवातीला पाणी मात्र नीट मागतो. बकुळ आणि पुत्रंजीवा सावकाश वाढतात, बारमाही हिरवे राहतात, फूटपाथला फारसा त्रास देत नाहीत. घाई असलेल्यांना ते आवडत नाहीत. बहाव्याबद्दल एक सांगायला हवं: तो फुलतो तेव्हा त्याची बहुतेक पानं गळालेली असतात. म्हणजे भर एप्रिलमध्ये पिवळा झुंबर वर आणि खाली ऊन. बसस्टॉपवर किंवा रिक्षा स्टँडवर बहावा लावू नका, तिथे करंज लावा. बहावा समोरच्या बाजूला, गॅलरीतून दिसेल असा.

तारांखाली: कांचन, आपटा, पारिजातक. आपट्याला दसऱ्याचा धोका आहे. पहिली चार-पाच वर्षं त्या दिवशी सकाळी कुणीतरी झाडापाशी उभं राहायला लागतं, नाहीतर संध्याकाळपर्यंत फक्त खोड उरतं. कांचनचंही तेच, कारण लोक आपटा समजून तोही ओरबाडतात. वडाच्या फांद्या वटपौर्णिमेला आणि बेल श्रावणात असाच जातो. मंडळाच्या फलकावर आठवडाभर आधी चार ओळी लिहिल्या तर थोडाफार फरक पडतो.

समुद्राकाठी, खाऱ्या वाऱ्यात: उंडी, परसपिंपळ, करंज.

वड, पिंपळ, उंबर फूटपाथवर नकोत. मैदानाची कड, नदीकाठ, मोठ्या चौकातलं बेट, शाळेचं आवार इथे लावा आणि तिथे जरूर लावा. जांभूळ उत्तम झाड, पण जून महिन्यात त्याखालचा उतार जांभळा आणि निसरडा होतो, दुचाक्या घसरतात. शेवगा आणि काटेसावर यांचं लाकूड ठिसूळ, गाड्यांवर फांद्या पडतात. सातवीण एखादी ठीक, पण सगळी गल्ली सातविणीची केली की ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी उग्र वासाने डोकं धरलेले शेजारी तुमच्या दारात येतात. कोनोकार्पस नावाची झटपट हिरवी भिंत सध्या नर्सऱ्या गळ्यात मारतात. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आपणही लांबच राहावं.

गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, पेल्टोफोरम, पिचकारी ही परदेशी झाडं आपल्या रस्त्यांवर भरपूर आहेत. नव्याने लावू नका, पण 'परदेशी आहे' म्हणून उभं झाड पाडायलाही जाऊ नका. चाळीस वर्षांच्या पर्जन्यवृक्षाची सावली तुमच्या नवीन बकुळीला मिळवायला दोन पिढ्या जातील.

पूर्ण गल्लीत एकच जात लावू नका. मुंबईत पिठ्या ढेकूण या रस शोषणाऱ्या किडीने पर्जन्यवृक्षांना ग्रासलं तेव्हा सगळे सारखेच असलेले रस्ते एकाच वेळी उघडे पडायला लागले. वीस झाडांत निदान चार-पाच जाती हव्यात.

रोप घेताना उंची सहा ते आठ फूट, खोड अंगठ्याइतकं जाड आणि आधाराशिवाय उभं राहणारं बघा. काठी सोडून बघा. लगेच वाकलं तर ते उंच असलं तरी कमजोर आहे. महापालिकेची रोपवाटिका, सामाजिक वनीकरणाची रोपवाटिका, नाही मिळालं तर खासगी. पिशवीच्या तळातून जाड मूळ बाहेर आलेलं रोप घेऊ नका.

खड्डा आणि लावण

शेतात खड्डे उन्हाळ्यात खणून तापू देतात. फूटपाथवर उघडा खड्डा ठेवणं म्हणजे कुणाचा तरी पाय मोडणं. इथे दोन दिवस आधी खणा, फळी आणि बॅरिकेड लावा, संपवा. तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल मिळाला तर सोनं. फूटपाथवर निदान दोन बाय दोन आणि खोली तीन. पहार आणि टिकाव वापरा, यंत्र नको, कारण हाताला पाइप लागलेली कळते आणि यंत्राला कळत नाही.

शहरात खणलं की माती कमी आणि राडारोडा जास्त निघतो: विटांचे तुकडे, सिमेंटचे गठ्ठे, फरशा, प्लास्टिक. तो परत आत लोटायचा मोह होतो, कारण तो उचलून नेणं हेच मोठं काम. त्यासाठी आधीच हातगाडी ठरवून ठेवा. मग खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी बघा. पाणी तसंच उभं असेल तर तळाचा मुरूम पहारीने फोडा. तरीही उतरत नसेल तर जागा बदला, पावसाळ्यात मुळं कुजतील.

भरायला दोन घमेली पोयट्याची माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत, हे प्रमाण ठेवा. वरून दोन-तीन मुठी निंबोळी पेंड. ताजं शेण नको, ते गरम पडतं आणि वाळवी आणतं. भारी काळी माती असेल तर तिच्यात थोडा बारीक मुरूम मिसळा, नाहीतर उन्हाळ्यात भेगा पडतात आणि मुळं तुटतात.

भरतानाच एका कोपऱ्यात दोन फूट लांबीची, अडीच-तीन इंची पीव्हीसी पाइप उभी ठेवा, तिला बाजूने भोकं पाडा आणि आत खडी भरा. वरचं तोंड जमिनीच्या किंचित वर. पुढे निम्मं पाणी या पाइपमधून द्यायचं. फूटपाथवर आळं कितीही केलं तरी पाणी वाहून जातं, पाइपमधून ते सरळ मुळांशी उतरतं आणि मुळंही खाली जायला शिकतात. वर-वर शिंपडलेल्या पाण्याने मुळं पृष्ठभागालाच राहतात, आणि पुढे तीच फरशा उचलतात.

आता मुख्य काम. रोपाला सकाळी पाणी देऊन ठेवा. पिशवी वरून खेचून काढू नका, ब्लेडने उभी चिरा, खालचा तळही कापा. मातीचा गोळा हातात आला की त्याच्या कडेने बघा. मुळं गोल-गोल फिरून वेटोळं झालेली असतील तर ती बोटांनी सोडवा, जाड असेल ते धारदार कात्रीने कापा. हे वेटोळं तसंच पुरलं तर झाड दहा वर्षं चांगलं वाढतं आणि मग स्वतःच्याच मुळाने आवळलं जातं, किंवा वाऱ्यात उन्मळतं. पिशवी खिशात घाला, खड्ड्यात नाही.

पिशवीत माती खोडाला जिथपर्यंत होती तिथपर्यंतच नवीन माती आली पाहिजे. 'घट्ट बसावं' म्हणून खोड चार-सहा इंच जास्त पुरणं ही सर्वत्र दिसणारी खोड आहे. त्याने साल कुजते. पायाने माती दाबा, फूटपाथपेक्षा दोन-तीन इंच खाली ठेवा, भरपूर पाणी घाला, वर चार बोटं वाळक्या पानांचा थर द्या, खोडापासून वीतभर लांब. पाचोळ्याची कमतरता कधीच नसते. पुण्यात 'ब्राउन लीफ' गटामुळे वाळकी पानं देणं-घेणं अनेकांच्या अंगवळणी पडलंय. तुमच्या गल्लीतही झाडलोट करणाऱ्या ताईंना सांगून दोन पोती बाजूला ठेवून घेता येतात. पानं जाळली जाण्यापेक्षा ते बरं.

बांबू मातीच्या गोळ्याच्या बाहेर रोवा, पश्चिमेकडून, कारण पावसाळी वारा तिकडून येतो. सुतळी किंवा सुती पट्टी इंग्रजी आठच्या आकड्यात, सैल. झाड थोडं डुललं पाहिजे, डुलण्यानेच खोड भरतं. तार कधीही नको.

लावायची वेळ म्हणजे मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस पडून जमीन आतपर्यंत ओली झाल्यावर. १५ ऑगस्टला ध्वजवंदनानंतर झाडं लावायची पद्धत आहे. कार्यक्रम म्हणून ठीक, पण कोरड्या जिल्ह्यांत तोपर्यंत मुळं धरायचे दोन महिने हातातून गेलेले असतात.

जाळी

गाई, शेळ्या, रिव्हर्स घेणाऱ्या गाड्या आणि येता-जाता पान तोडणारे हात, या सगळ्यांसाठी जाळी लागतेच. लोखंडी टिकते, पण भंगारात चांगले पैसे मिळतात म्हणून चोरीला जाते. खाली सिमेंटमध्ये न रोवता खुंट्यांना नटबोल्टने बांधा, नंतर काढायची असते. बांबूची जाळी स्वस्त, दोन वर्षं पुरते, कुणी चोरत नाही. पाटी लावायचीच असेल तर झाडाचं नाव, लावल्याचा महिना आणि कुणाला कळवायचं तो नंबर एवढं लिहा. मान्यवरांच्या फोटोची जागा जाळीवर नाही.

दसरा ते मृग

बहुतेकांना वाटतं झाडं मे महिन्यात मरतात. मोठा धोका त्याआधी असतो. पाऊस सप्टेंबरअखेर थांबतो, ऑक्टोबरचं ऊन चढतं, आणि झाड अजून हिरवंगार दिसत असल्यामुळे कुणी पाणी घालत नाही. त्यात दिवाळीला अर्धी गल्ली गावी. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पानं मलूल दिसतात तेव्हा कोवळी मुळं आधीच वाळलेली असतात. म्हणून पाण्याची पाळी दसऱ्याला सुरू करा. ऑक्टोबर ते जानेवारी आठवड्यातून एकदा वीस लिटर, फेब्रुवारीपासून दोनदा पंधरा लिटर. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये तीनदा.

अंदाजावर जाऊ नका. एक लोखंडी सळई मातीत वीतभर खुपसा. सहज गेली आणि ओली माती चिकटून आली तर आज पाणी नको.

पाळीचा तक्ता माणसांचा न करता झाडांचा करा. प्रत्येक झाडामागे दोन नावं, एक रोजचं आणि एक बदलीचं, आणि दोघे एकाच वेळी गावी जाणारे नकोत. दिवाळी आणि मेच्या सुट्टीचे आठवडे आधीच वेगळे भरून घ्या. ज्यांची सुट्टी नसते ते टपरीवाले, वॉचमन या आठवड्यांत तुमचा आधार. त्यांना महिन्याचे काही पैसे द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. रोपांसाठी वर्गणी काढता येते तर पाण्यासाठीही काढता येते. फुकट श्रमदानाची अपेक्षा गॅलरीतून बघणाऱ्यांनी टपरीवाल्याकडून करू नये.

आठवडाभर कुणीच नसेल तर जुना वीस लिटरचा पाण्याचा जार घ्या. बुडाशी तापवलेल्या खिळ्याने एक बारीक भोक पाडा, त्यात सुती वात घाला आणि जार जाळीच्या आत ठेवा. थेंब-थेंब करत दोन-तीन दिवस पाणी जातं. झाकण घट्ट लावलं तर भोक असूनही पाणी उतरत नाही, उघडं ठेवलं तर डास होतात. झाकणाला सुईएवढं छिद्र पाडलं की दोन्ही भागतं. पावसाळ्यात जार उचलून ठेवा.

नोंदवहीत झाडाचा क्रमांक, जात, महिन्यातून एक फोटो, आणि वर्षातून एकदा खोडाचा घेर. घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, छातीच्या उंचीवर मोजतात. वाळलेली झाडंही लिहा, कारणासकट. पाणी नाही, गाडी लागली, केबलवाल्यांनी खणलं. दोन वर्षांनी ही वही पाहिली की पुढची जागा कुठली घ्यायची नाही ते कळतं.

आधीपासून उभी असलेली झाडं

खरं तर हातात चारच माणसं असतील तर नवीन झाडं लावूच नका, जुन्यांकडे वळा. एका मोठ्या झाडाचा गळा मोकळा केला तर वीस रोपांपेक्षा जास्त सावली वाचते.

बुंध्याला थेट भिडलेलं काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक आधी बघा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत आदेश देताना बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं, तेव्हापासून तोच मापदंड देशभर धरला जातो. उद्यान खात्याला फोटोसह अर्ज द्या आणि आदेशाचा उल्लेख करा. काम होताना तिथे उभे राहा. ब्लॉक हाताने काढायचे, काँक्रीट छन्नी-हातोडीने फोडायचं. ब्रेकर मशीन मुळांना ठेचतं. मोकळ्या जागेत नुसती भुसभुशीत माती आणि पाचोळा भरा, बुंध्यावर चढवू नका. मूळ दिसलं म्हणून कापू नका. फरशी उचललेली असेल तर फरशी बदला.

खिळे, जाहिरातींच्या पाट्या, केबलच्या तारा आणि सणाला गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा हे दुसरं काम. पुण्यातल्या 'आंघोळीची गोळी' या गटाने खिळेमुक्त झाडांची मोहीम चालवली, ती कुठल्याही गल्लीत रविवारी दोन तासांत करता येते. पक्कड, मारतूल, जाड हातमोजे, खिळे टाकायला डबा. पक्कड आणि सालीच्या मध्ये लाकडाचा तुकडा ठेवा म्हणजे टेकवताना साल फाटत नाही. जो खिळा सालीने पूर्ण गिळलाय तो उकरू नका. रुतलेली तार मात्र कापून सोडवा, ती वाढत्या खोडाला फास लावते. विजेची तार असेल तर हात लावू नका, महावितरणला कळवा. चुना आणि गेरूने झाडाचं वाईट होत नाही, फार भलंही होत नाही. ऑइल पेंट आणि खोडावरची चित्रं नकोत.

झाड पडण्याची भीती पावसाळ्याआधी सगळ्यांना आठवते. मुंबईत १७ मे २०२१ ला तौक्ते वादळाच्या वाऱ्यात शेकडो झाडं पडली. पडलेल्या झाडाचा तळ जवळून बघितलात तर बऱ्याचदा एका बाजूची मुळं सपाट कापलेली दिसतात, कधीतरी केबल किंवा पाइपसाठी घेतलेल्या चरामुळे. म्हणून गल्लीत खोदकाम सुरू झालं की पहिल्याच दिवशी मुकादमाला भेटा: "दादा, झाडाजवळ हाताने खणा, मूळ आलं तर खालून पाइप काढा." लेखी तक्रारही द्या. नव्याने एका बाजूला कललेलं खोड, बुंध्याजवळ मातीला पडलेली भेग, तळाशी उगवलेली मोठी अळंबी, एवढं दिसलं की उद्यान खात्याला कळवा. नुसतं पोकळ खोड म्हणजे धोका असं नाही, अनेक पोकळ झाडं वर्षानुवर्षं उभी असतात.

छाटणीला ठेकेदाराची माणसं येतात तेव्हाही कुणीतरी खाली असावं. परवानगीचा कागद मागा, त्यात किती फांद्या लिहिल्यात ते वाचा. शेंडा उडवून झाडाचा खांब करायचं काम सुरू असेल तर तिथेच थांबवायला सांगा. जड फांदी आधी खालून थोडी कापायची, मग जरा पुढे वरून, आणि उरलेला खुंट शेवटी, फांदीच्या गळ्याशी, म्हणजे ती खोडाला मिळते तिथल्या फुगवट्याशी. एकाच वेळी वरून कापली की खाली पडताना ती खोडाची साल सोलत जाते.

आणि बुंध्यावर झाड तोडण्याची नोटीस डकवलेली दिसली तर फोटो काढा, तारीख बघा, मुदतीत हरकत दाखल करा. नोटिशी शक्यतो डोक्याच्या उंचीवर, रस्त्याच्या उलट बाजूला सापडतात.

दुसरं आणि तिसरं वर्ष

दुसऱ्या पावसाळ्यात मेलेल्या जागी पुन्हा लावा, पण कारण दूर झालं असेल तरच. सुतळ्या सोडून बघा. झाड स्वतः उभं राहत असेल तर बांबू काढा. पाणी कमी वेळा, जास्त द्या: दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा तीस लिटर, तिसऱ्यात पंधरवड्यातून एकदा पन्नास. त्यानंतर बहुतेक देशी झाडं आपलं आपण बघतात.

चालणाऱ्यांच्या डोक्याला लागणाऱ्या खालच्या फांद्या उद्यान खात्याकडून काढून घ्या, वर्षाला दोन-तीनच. सगळ्या एकदम काढल्या की वरचा भार जास्त होतो आणि खोड वाकतं.

आणि जाळी. खोड तिच्यापासून चार बोटांवर आलं की ती काढायची. शहरात हिंडताना लोखंडी कडं अर्धं गिळलेली झाडं दिसतात ना, ती कुणीतरी लावून, वाढवून, मग विसरलेली असतात. खोडात रुतायच्या आत नटबोल्ट सोडवा, गंज खरवडा, रंगाचा एक हात द्या. पुढच्या मृगात तीच जाळी दुसऱ्या खड्ड्यावर लागेल, आणि अर्जातल्या जाळ्यांचा आकडा तेवढ्याने कमी होईल.